संध्याकाळी पाहिलेलं घर

बेकरीत त्याला सगळे पारखी म्हणत. हे नाव त्याला पावामुळे मिळालेलं नव्हतं, पाव तर तिथले सगळेच बरे करत. ते मिळालं होतं घरं बघण्यामुळे. कुणालाही भाड्याने घर घ्यायचं असलं की तो पारखीला बरोबर न्यायचा, आणि पारखी नुसता जिना चढून आला तरी घरमालकाचा चेहरा उतरायचा.

कारण हा माणूस घर बघायचा नाही, घराची झडती घ्यायचा. आत शिरल्या शिरल्या सगळे नळ एकदम सोडायचे आणि कुठल्या नळाची धार मरते ते बघायचं. न्हाणीघरात बादलीभर पाणी ओतायचं आणि ते जाळीकडे जातं की दाराकडे, हे कमरेवर हात ठेवून पाहत राहायचं. भिंतीवर कॅलेंडर दिसलं की आधी ते उचलायचं, कारण त्याच्या मते ओल झाकायला माणसाला दुसरं काही सुचतच नाही. कपाटांत डोकं घालून हुंगायचं. दिव्याची बटणं सगळी दाबायची, मग दोन-दोन दाबायची. घरमालक काही सांगू लागला की मान डोलवायची, ऐकायचं मात्र नाही. विचारायचं ते जिन्यात भेटणाऱ्या माणसाला, त्याला खोटं बोलून काही मिळणार नसतं. "घर म्हणजे मळलेली कणीक," तो सांगायचा. "बोट रुतवल्याशिवाय काही कळत नाही."

तर अशा या माणसावर स्वतःसाठी घर शोधायची वेळ आली. जुनी जागा मालकाला लेकासाठी हवी होती. बायकोने बरोबर यायचा विचारसुद्धा केला नाही. "तुम्ही बघितलंत म्हणजे झालं," ती म्हणाली आणि भांडी बांधायला बसली.

त्याने घर शोधलंही झकास. पहिल्या मजल्यावर, दोन मोठ्या खिडक्या, नळांना धार अशी की बादली डोळ्यांदेखत भरावी. भिंती कोरड्या ठणठणीत. खाली रस्त्याला लागून एक गाळा होता, त्याचं शटर ओढलेलं होतं आणि त्याला चांगलं हातभर कुलूप. बंद पडलेलं दुकान, पारखीने मनाशी म्हटलं, म्हणजे गिऱ्हाइकांची ये-जा नाही, दारात गाड्या नाहीत. जिन्यात एक गृहस्थ हातात पिशवी घेऊन वर चढत होते. त्यांना त्याने अडवून विचारलं, "इथे कटकट काही?"

"छे हो," ते म्हणाले, "घरी आलं की इतकं शांत वाटतं!"

आता तुमच्या-माझ्या लक्षात आलंच असेल. त्याच्या आलं नाही. पारखी रात्रपाळीचा, आणि रात्रपाळीच्या माणसाची सकाळ संध्याकाळी होते. उठायचं, चहा घ्यायचा, ताज्या डोक्याने कामाला लागायचं, ते दिवे लागायच्या सुमाराला. पारखीने आयुष्यात पाहिलेली झाडून सगळी घरं त्याच वेळी पाहिलेली होती, स्वतःसाठीही आणि बेकरीतल्या रात्रपाळीवाल्यांसाठीही. आजवर नशिबाने साथ दिली होती, इतकंच. आणि जिन्यातले ते गृहस्थही दिवसभर कचेरीत बसून संध्याकाळी घरी येणारे. त्यांनी सांगितलं ते खरंच होतं. त्यांच्यापुरतं.

पहिल्या सकाळी तो भुवयांवर पीठ आणि काखेत पाव घेऊन नव्या घरी आला, हातपाय धुतले, आडवा झाला. डोळा लागतो न लागतो तोच खाली शटर खडखडत वर गेलं. तो गाळा बंद पडलेला नव्हता. तिथे पत्र्याच्या पेट्या बनवत.

पत्र्यावर हातोडा पडतो तेव्हा कान फाटतात, हे कुणीही सांगेल. पण खरा छळ आवाजाचा नव्हता, मधल्या शांततेचा होता. चार घाव पडायचे आणि थांबायचे. कारागीर पत्रा फिरवत असणार, विडी पेटवत असणार, काय की. पारखी डोळे मिटून पुढच्या घावाची वाट बघत पडायचा. तो पडेपर्यंत झोप येत नसे आणि पडला की यायची ती उडून जाई. त्या पहिल्या संध्याकाळी तो उठून बसला, त्याच वेळी खाली शटर ओढलं गेलं. सगळीकडे गारेगार शांतता पसरली.

बायको चहा घेऊन आली. तिच्या चेहऱ्यावर काळजी होती. "झाली का हो झोप? खाली केवढं ते ठोकणं!"

त्या वेळी त्याने खरं बोलायला हवं होतं. पण घर बघण्यातला मास्तर स्वतःच्याच घराला फसला, हे पहिल्याच दिवशी बायकोला कुठल्या तोंडाने सांगणार? "मस्त," तो म्हणाला. "मला काही ऐकूसुद्धा आलं नाही."

झालं. एकदा मस्त म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी माघार घेता येईना, आणि तिसऱ्या दिवशी तर मुळीच नाही. बायको बघता बघता त्या घरात रमली. ती शाळेचे गणवेश शिवायची. तिचं मशीन खिडकीशी लागलं, दिवसभर दिवा न लावता सुईत दोरा ओवता येऊ लागला. मशीनच्या घरघरीत खालचं ठोकणं तिला जाणवेनासं झालं. मुलीला अभ्यासाला स्वतःचा कोपरा मिळाला. आणि बायको शेजारणींना कौतुकाने सांगू लागली, "आमच्या ह्यांच्या उशाशी बँड लावला तरी ढिम्म हलायचे नाहीत." आत उशीत डोकं खुपसून पडलेल्या पारखीला ते शब्दन् शब्द ऐकू यायचं.

एकदा तो खाली जाऊन पेटीवाल्याला जरा हळू ठोका म्हणाला. पेटीवाला भला माणूस होता, त्याने पारखीला स्टूल दिलं, चहा मागवला आणि म्हणाला, "अहो, पत्रा काय कुजबुजून वाकतो का?"

या घराच्या मालकीणबाई शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायच्या. त्यांच्याकडे गेला तर त्या उलट चकित झाल्या. "तुम्हीच तर सगळं ठोकून ठोकून घेतलंत की! मला वाटलं, खालचं तुम्ही बघितलंच असेल." करार वर्षाचा होता. मुदतीआधी जायचं तर एकच वाट होती, आपल्या जागी दुसरा भाडेकरू आणून द्यायचा.

इकडे बेकरीत त्याचं काही खरं नव्हतं. त्याचं काम कणीक मळायच्या मशीनवर, पीठ, पाणी, यीस्ट, मीठ घालायचं त्याच्याकडे. एका रात्री उभ्या उभ्या डुलकी लागली आणि हात फिरत्या दांड्याकडे गेला. भट्टीवाल्याने शर्टाची बाही धरून मागे ओढलं म्हणून बोटं वाचली. हा भट्टीवाला वयाने त्याच्याहून थोडा लहान, अबोल, एकटा राहणारा. तो त्याबद्दल कुणाकडे एक अक्षर बोलला नाही. पण पुढच्याच आठवड्यात पारखी मीठ घालायला विसरला, आणि ते मात्र अख्ख्या वस्तीने बोलून दाखवलं. अळणी पावाचे ढीग परत आले. शेठनी त्याला बोलावून घेतलं. "इतक्या वर्षांचा माणूस आहेस म्हणून या वेळी गिळतो," ते म्हणाले. "पुन्हा झालं तर येऊ नकोस."

म्हणजे आता झोप तरी मिळायला हवी होती, नाहीतर नोकरी जाणार होती. पारखीला पहिल्यांदा भीती वाटली. घरी सांगावं तर इतके दिवस थापा मारल्या त्याचं काय? न सांगावं तर कामावर हात जाईल नाहीतर काम जाईल. पाव भट्टीत ढकलून दार लावतात, तसं आपलं झालंय असं त्याला वाटायचं.

अशात भट्टीवालाच एकदा म्हणाला, "दादा, मला घर हवंय. आईला आणायचंय. तिकडे तिचं करणारं कुणी नाही."

पारखीला आपलाच आवाज ऐकू आला. "माझं घर रिकामं होतंय. बघ आवडतंय का."

बायकोला काय सांगायचं ते त्याने ठरवून ठेवलं होतं. मालकीणबाईंना जागा हवीय, असं सांगायचं. आधी भट्टीवाल्याचं पक्कं होऊ दे, मग सांगू, म्हणून तोंड मिटून ठेवलं होतं.

सुट्टीच्या दिवशी भट्टीवाला आला. संध्याकाळीच आला, तोही रात्रपाळीचा. खाली शटर नुकतंच ओढलेलं होतं. तो खुर्चीत बसला आणि खिडकीबाहेर बघून म्हणाला, "किती शांत आहे हो."

"नळ तरी सोडून बघ," पारखी म्हणाला.

"तुम्ही बघितलेत ना? मग मी काय वेगळं बघणार?"

"भिंती बघ. कपाटं उघड."

"दादा, तुम्ही निवडलेलं घर आहे." भट्टीवाला हसला. तो सहसा हसत नसे. तेवढ्यात बायको चहाचे कप घेऊन आली. तो उठून उभा राहिला. "वहिनी, तुमचं सामान कधी हलतंय? म्हणजे आईला तसं कळवतो."

बायकोने कप खाली ठेवले. "कुणाचं सामान?"

पारखीच्या तोंडाशी मालकीणबाई आल्या होत्या. पण बायको त्याच्याकडे पाहत होती आणि भट्टीवालाही. ठरवलेलं काही बाहेर येईना. "मला इथे झोप लागत नाही," तो म्हणाला. "खालच्या ठोकण्यानं."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि मला रोज मस्त, मस्त म्हणत होतात ते?" तिचा आवाज चिरकला. तिने भट्टीवाल्याकडे वळून विचारलं, "भावजी, तुमच्या आई दिवसभर घरीच असणार ना?"

"हो. गुडघे गेलेत तिचे. बाहेर पडणं होत नाही."

बायको पुन्हा नवऱ्याकडे वळली. आता ती हळू बोलली, ओरडली असती तर बरं झालं असतं. "आणि हे तुम्ही त्या माउलीच्या गळ्यात बांधणार होता?"

भट्टीवाल्याने चहा पूर्ण प्यायला. चपला घालताना त्याने एवढंच विचारलं, "खाली काय आहे, दादा?"

"पत्र्याच्या पेट्या बनवतात."

त्याने मान हलवली आणि जिना उतरून गेला. तो चार शिव्या देऊन गेला असता तर पारखीने त्या आनंदाने खाल्ल्या असत्या.

त्यानंतर तिथे राहायला दुसरं कुणी मिळालं नाही. बायकोच आता येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, "दुपारी या, मग ठरवा." दुपारी आलेले जिन्यातूनच परत जातात. करार संपेपर्यंत ते तिथेच आहेत. तिने मशीन खिडकीपासून हलवून आतल्या बाजूला नेलं आणि खिडक्यांवर गोधड्या टांगल्या. आवाज थोडा कमी झाला, उजेड सगळा गेला. ती भरदिवसा दिवा लावून गणवेश शिवते. मुलगी शेजारच्या मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते. कुणी कुरकुर करत नाही, आणि पारखीला तेच सोसत नाही. तो कानात कापूस घालून पडतो, कधी लागते झोप, कधी नाही.

भट्टीवाल्याला घर मिळालं. एकदा सकाळी, एकदा भरदुपारी आणि एकदा रात्री जाऊन त्याने ते स्वतःच पाहिलं, बरोबर कुणालाही नेलं नाही. पारखीला हे दुसऱ्या कुणाकडून कळलं. बेकरीत त्याला अजून पारखीच म्हणतात, हाक मारायला काहीतरी लागतं म्हणून.

भट्टीवाला त्याच्याशी पूर्वीसारखाच वागतो. दादा म्हणतो, विडी देतो. फक्त कणीक मळून झाली की तो भट्टीजवळून उठून मशीनपाशी येतो.

"मीठ घातलं का, दादा?"

"घातलंय."

भट्टीवाला मान हलवतो, आणि मग चिमूटभर कणीक तोडून जिभेवर ठेवतो.