बुडबुडा नव्हता ना?

वंदना गेल्याचं तिच्या आईनंच फोनवर सांगितलं. "वंदी गेली गं माझी…" एवढंच. मी नळाखाली बाटली भरत होते. ती भरून वाहत राहिली, आणि मी तशीच उभी राहिले.

संभाजीनगरच्या एकाच कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवायची, मी मराठी. तिच्या माहेरी करमाडकडं मेंढरं होती, आणि हट्टही तिथलाच. गावच्या पाझर तलावात, अगदी वरच्या हवेशीर पाण्यात, तिला मिथेन वायू सापडला होता. तो तर तळाच्या गाळात, ऑक्सिजन पोचत नाही तिथं तयार होतो, असंच सगळे शिकलेले. "गाळातूनच वर आला असणार," असं म्हणून जाणत्यांनी तिचा शोधनिबंध परत केला. पुन्हा मोजायचं तर दुष्काळ, तलावाला भेगा पडलेल्या. शहर पसरत पार तिथवर आलं, काठावर प्लॉटचे दगड रोवले गेले. ही आपली आभाळाकडं बघत बसलेली. मी चिडवायची, "शेतकऱ्यांपेक्षा तुलाच पावसाची घाई."

तलाव भरला तेव्हा ती आजारी होती. तरी आम्ही गेलो. बाटली वरच्या पाण्यात बुडवून भरायची, पाण्याखालीच बूच लावायचं, आत बुडबुडा राहता कामा नये, नाहीतर वायूचा आकडा चुकतो. माझ्या बाटल्या तिनं किती वेळा ओतायला लावल्या… दमून काठावर शेंगा खात बसलो, तेव्हा सोबत आलेल्या तिच्या आईंनी विचारलं, "वरच्या पाण्यात कशापायी व्हईल गं ह्यो गॅस?"

"आई, या पाण्यात फॉस्फरस लई कमी हाय. जिवाणू उपाशी. मग ज्यात फॉस्फरस दडलाय, तो पदार्थ ते फोडत्यात. दाणा खायचा, टरफल टाकायचं. मिथेन म्हंजी ते टरफल."

"व्हय, उपाशी असल्यावर फोडणारच की," आई म्हणाल्या, आणि पुढची शेंग तिच्या हातात दिली.

बाटल्या उन्हात ठेवल्या होत्या. आत गाळाचा कण नव्हता, तरी मिथेन वाढला. प्रयोगशाळेचे आकडे मी तिला दवाखान्यात वाचून दाखवले. तिनं डोळे मिटूनच विचारलं, "बुडबुडा नव्हता ना?"

"नव्हता."

ती हसली. रडू मलाच आलं.

निबंध आता पुन्हा पाठवलाय. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. आलं की मी बाटली काठोकाठ भरते, बूच लावून उलटी धरते. बुडबुडा दिसला की पाणी कुंडीत ओतते आणि पुन्हा भरायला घेते. विचारलं तिनं, तर काय सांगू?