गाठीखालचं काळीज

डॉक्टरांनी नळी डाव्या अंगाला, नेमकी गाठीशेजारी टेकवली, तेव्हा सुगंधाबाईला वाटलं, हे गाठीचंच ऐकताहेत.

"काय म्हन्ते जी थे?" तिनं दबकत विचारलं.

नर्स हसली. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सुगंधाबाईला कुशीवर वळवून पुन्हा ऐकलं.

चांदा जिल्ह्यातल्या मूल गावाकडच्या खेड्यातली ही बाई. स्तनातली गाठ तिनं लाजेपायी उन्हाळाभर पदराखाली लपवली होती. आता मनाचा धडा करून, नवऱ्याला, लटारूला घेऊन ती चांद्याच्या दवाखान्यात आली होती. कापायचं तर कापा, इथवर तिची तयारी होती.

"बाई, गाठ काढावीच लागेल," डॉक्टर म्हणाले. "पण भूल देण्याआधी हृदय तपासावं लागतं. तुमच्या हृदयाची झडप बिघडली आहे. आज भूल दिली, तर तुम्ही टेबलावरून उठणार नाही."

सुगंधाबाईनं पदर छातीशी घट्ट धरला. "काळजाले काय झालं माह्या? थे तं कधी दुखलं नाई!"

"काम करताना दम लागतो?"

उत्तर लटारूनं दिलं, नेहमीच्या थट्टेनं. "दम? आर्ध्या बांधीत धान रोवलं का बसली हे धुऱ्यावर, वावराच्या कडेले! गावात बसकी म्हनतेत इले. कामचोर हाये जी."

"लहानपणी सांधे सुजून ताप आला होता?"

"आलता," ती पुटपुटली. "गुडघे भोपळ्यावानी झालते."

"त्या तापानंच झडप बिघडली. तेव्हापासूनच हे." डॉक्टर लटारूकडे वळले. "कामचोर नाहीत त्या. असं हृदय घेऊन चिखलात उभ्या राहिल्या, याचंच मला नवल वाटतं."

आजवर सासू म्हणाली, जावा म्हणाल्या, आणि ऐकता ऐकता सुगंधाबाईनंही मानलं होतं, की आळस आपल्या अंगातच आहे. आता तिला रडूही येईना.

मग औषध आणि खाटेवर पडून राहणं सुरू झालं. लटारू आवारातल्या झाडाखाली चूल मांडून भात शिजवी. डॉक्टर नळी लावत, तेव्हा काळजानं चुगली करू नये म्हणून ती श्वास रोखून धरी.

"श्वास घ्या बाई. मी काय चोर पकडायला आलोय?"

गाठ मात्र वाढत होती. शेवटी एके दिवशी डॉक्टर म्हणाले, "हृदय जरा सावरलंय. बरं झालं असं नाही म्हणत, पण गाठ थांबणार नाही. उद्या सकाळी पाणीसुद्धा पिऊ नका."

"उठवान ना मले?"

"आमच्याकडून कसर ठेवणार नाही."

दुसऱ्या दिवशी तिला आत नेताना लटारू खाटेचा दांडा सोडेना. "उठजो वं," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

ती उठली. जीभ कोरडी पडली होती, डोळ्यांपुढं धुकं होतं. हात आपसूक डाव्या छातीवर गेला. तिथं उंचवटा नव्हता, सपाट पट्टी होती. आणि पट्टीखाली, आता मध्ये काहीच नसल्यासारखं, काळीज थेट तळहाताला धडका देत होतं. त्याला आपल्या हाताचाही भार नको, म्हणून विस्तवावर पडावा तसा तिनं हात मागे घेतला.