ठिबकवरचा समुद्र

पीव्हीसीचा पाइप, तो जोडायला दोन एल्बो आणि एक टी एवढं हाताशी असलं की या जगात माणसाला दुसऱ्या कशाचीच गरज पडत नाही, असं मनापासून मानणारे एकच गृहस्थ मी पाहिले आहेत, आणि ते माझे थोरले साडू लागतात. जळगावला ठिबक सिंचनाच्या कारखान्यात त्यांची उभी हयात गेली. घरात टॉवेल वाळत घालायचा स्टँड पाइपचा, देवघराची चौकट पाइपची, नातीचा पाळणाही पाइपचा. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा अक्कांना, म्हणजे माझ्या मेव्हणीला, त्यांनी बांगड्या अडकवायचा स्टँड भेट दिला. तो कशाचा होता हे सांगायला नकोच. "पण बांगड्या कुठायत?" असं अक्कांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "आधी सोय तर झाली पाहिजे ना."

असा माणूस निवृत्त झाला की घरच्यांनी सावध राहायला हवं होतं. दाढ काढायला म्हणून गेले आणि दवाखान्यातल्या काचेच्या टाकीत त्यांना समुद्रातला मासा दिसला, केशरी अंगाचा, पांढऱ्या पट्ट्यांचा. दाढ तशीच ठेवून घरी आले आणि मला धुळ्याला फोन लावला. "पाव्हणे, घरी समुद्र करतोय." मी म्हटलं, "भाऊ, गोड्या पाण्यातले पाळा की. खाऱ्या पाण्याचं काम फार खर्चाचं असतं म्हणतात." त्यावर म्हणाले, "खर्च विकत आणणाऱ्याला. आपण बनवणार."

आणि बनवला बुवा. एका सराफानं दुकान नवं केलं, त्याच्या जुन्या काउंटरच्या काचा यांनी उचलून आणल्या. जिथं कोणे एके काळी पाटल्या मांडलेल्या असायच्या तिथं आता मासा पोहणार होता. गाळणी शेतातल्या ठिबकची, पाणी खेळवायला कूलरची मोटर, आणि या सगळ्याभोवती एवढे पाइप की टाकी कुठली आणि नळजोडणी कुठली ते पाहुण्याला दाखवून द्यावं लागे. समुद्राचं खास मीठ कुरिअरनं येतं, ते महाग म्हणून पहिल्यांदा यांनी वाण्याकडचं खडेमीठ घातलं. दोन मासे दोन दिवसांत गेले. अक्कांनी ते कढीपत्त्याच्या कुंडीत पुरले आणि पुढे महिनाभर त्या घरात कढी कढीपत्त्यावाचून झाली. मग मात्र खास मीठ आलं, पण खारटपणा मोजायचं यंत्र काही आलं नाही. "जीभ कशाला दिलीय देवानं?" म्हणत ते रोज बोट बुडवून चाटायचे. शेवभाजीवर वरून आणखी तिखट मागून घेणाऱ्या माणसाची ती जीभ! तिला मीठ काय आणि साखर काय.

तिसरा मासा मात्र जगला. दिवाळीत आला तो होळीपर्यंत मजेत होता, भाऊ समोर आले की काचेला नाक लावायचा. भाऊंनी पेपर वाचायचं सोडलं. एरवी घरात चार शब्द न बोलणारा माणूस त्या माशाशी तासन्‌तास बोलायचा. मग आमचा खानदेशी उन्हाळा लागला. टाकीतलं पाणी रोज बोटभर आटायला लागलं. यांनी वर एक बादली टांगली, तिला ठिबकची नळी लावली आणि थेंब थेंब पाणी सोडलं. पाण्याबरोबर खत द्यायचं, हे शेतकऱ्यांना शिकवण्यात यांचा जन्म गेला होता. त्या हिशोबानं बादलीत रोज न चुकता मीठ कालवलं जायचं.

चैत्र सरता सरता अक्कांचा फोन आला. "तुम्ही या. मासा तळाशी पडलाय आणि हे जेवत नाहीयेत. हा गेला तर पुन्हा पाइपला हात लावणार नाही म्हणतात." आयुष्यभर त्या पाइपांना शिव्या घालणाऱ्या बाईचा आवाज कापत होता. मला भीतीच वाटली. मी मिळेल ती एसटी धरली.

भाऊ टाकीसमोर खुर्ची टाकून बसले होते. मासा एका कोपऱ्यात कलला होता, कल्ले धापा टाकल्यासारखे हलत होते. "जित्ता शे अजून," एवढंच म्हणाले. अक्का चहा घेऊन आल्या. टाकीच्या कडेवर मिठाची पांढरी खपली धरली होती, ती त्यांनी नखानं खरवडली, मग सहा महिन्यांत पहिल्यांदाच पाण्यात बोट बुडवलं, चाटलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. "बादलीत काय टाकतात तुम्ही?"

"मीठ. पाणी कमी झालं की मीठही कमी होतं ना."

अक्का रागावल्या की माहेरच्या बोलीवर येतात. "आमटी आटनी तं आपण पानी टाकतस. मीठ टाकतस का?"

कारखान्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला स्वयंपाकघरातून कुणी असं सुनावलं नव्हतं. भाऊ उठले, बादली रिकामी केली, जारचं गोडं पाणी भरलं. टाकीतलं थोडं खारं पाणी काढलं आणि ठिबक अगदी हळू सोडलं, एकदम बदल झाला तर तो सोसायचा नाही म्हणून. दोन दिवस आम्ही तिघं आलटून पालटून त्या खुर्चीत बसलो. तिसऱ्या दिवशी सकाळी मासा वर आला आणि अक्कांनी टाकलेला दाणा त्यानं गपकन गिळला. भाऊंनी सहा पोळ्या खाल्ल्या. मला इतकं हलकं वाटलं की धुळ्याला परतताना बसायला जागा मिळाली नाही तरी कंडक्टरशी हसून बोललो.

त्याला आता तीन वर्षं झाली. मासा ठणठणीत आहे. मुलगा मुंबईला असतो, दर सुट्टीत बोलावतो, तुम्हाला समुद्र दाखवतो म्हणतो. या दोघांनी खरा समुद्र कधी पाहिलेलाच नाही, हे मला त्यावरून कळलं. पण बादली रोज भरावी लागते, आणि मी येऊन राहतो म्हटलं तर भाऊंना माझा भरवसा नाही. मासा वाचला याचा आनंद मला आजही आहे, फक्त तो वाचला म्हणून हे दोघं जागचे हलत नाहीत, याची चुटपुट लागते. परवा अक्काच भाऊंना म्हणाल्या, "तुम्ही या जाऊन. पाण्याचं मी बघते."

भाऊ एल्बो घट्ट करत होते. मान वर न करता म्हणाले, "एकट्यानं काय बघायचा समुद्र?"