बारीकसा डागही दिसतो

एक्स-रे मशीन विकताना माझं एक वाक्य ठरलेलं असायचं : ‘ह्याच्यात बारीकसा डागही दिसतो.’ आखातातला तो देश तेव्हा झपाट्यानं वाढत होता. दर खेपेला एअरपोर्टवरून येताना रस्त्याकडेला एखादं नवं हॉस्पिटल उभं राहिलेलं दिसायचं. यंत्रं लवकर हवी असायची आणि मी ती कॉव्हेंट्रीहून वेळेवर पोचवायचो. किमतीवरून समोरचा कुरकुरला की मी बॅग बंद करून उठायचो. दारापर्यंत जायच्या आत परत बोलावणं यायचंच.

मी शिकलेला नाही. इथं इंग्लंडमध्ये आलो तेव्हा हॉस्पिटलांचे मोडके पलंग आणि व्हीलचेअर दुरुस्त करून विकायचो. बायकोचा धाकटा भाऊ साउथहॅम्प्टनला डॉक्टर आहे. गणपतीला हॉलमध्ये चार लोक जमले की तो माझी ओळख करून द्यायचा : “आमचे दाजीसुद्धा हॉस्पिटललाईनमध्येच आहेत. फक्त मागच्या दारानं जातात.” लोक हसायचे. मी प्रसादाची वाटी हातात धरून उभा राहायचो. ते हसणं मी विसरलेलो नाही.

म्हणून आखातातल्या माझ्या भागीदारानं तिथं डायलिसिस सेंटर काढायचं ठरवलं आणि चालवायला मला विचारलं, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आता पुढच्या दारानं जायचं. त्यानंतर पाच वर्षं मी त्या कामासाठी खपलो. जागा मिळाली, खुर्च्या ठरल्या, पाणी शुद्ध करायचं यंत्रही ठरलं. अट एकच होती. सेंटर चालवणारा मालक तिथला रहिवासी हवा. रहिवास म्हणजे मेडिकल, आणि मेडिकल म्हणजे छातीचा एक्स-रे.

समोरच्याच्या हातात काय आहे ते कळल्याशिवाय मी कुठल्याच सौद्याला बसत नाही. त्या सवयीनं मी आधी इथंच पैसे भरून एक्स-रे काढून घेतला. ती मुलगी म्हणाली, “रिपोर्ट दोन दिवसांनी येईल.” मी तिच्या खांद्यावरून स्क्रीनकडे पाहिलं. अशी हजारो चित्रं मी गिऱ्हाइकांना दाखवली आहेत. उजव्या कॉलरबोनखाली एक पांढरट खूण होती, सुरकुतलेल्या बोरासारखी.

शर्टाची बटणं लावताना एक बटण चुकलं आणि तसाच गाडीत येऊन बसलो. पहिल्यांदा कॅन्सर आठवला. मग आठवला तो माणूस.

तिथल्या मेडिकल सेंटरमध्ये मी दिलेलं मशीन बसवायला गेलो होतो. मी फोनवर बायकोशी बोलत होतो, तर रांगेबाहेर काढलेला एक माणूस जवळ आला. “साहेब, मराठी का? मी भुसावळकडचा. हे म्हणतात छातीत डाग आहे. मला साधा खोकलासुद्धा नाही हो. तुम्ही जरा सांगा ना त्यांना.” मी आतल्या डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, जुनी खूण असली तरी नव्या माणसाला रहिवास नाही, आजार आता असो वा नसो. आणि मग माझ्याकडे वळून खूश होऊन म्हणाला, “तुमचं मशीन छान आहे. आधीच्या मशीनमध्ये हे दिसलं नसतं.” भुसावळच्या माणसाला दोन दिवसांत परत पाठवलं.

मी तसाच साउथहॅम्प्टनला गेलो. वाटेत दोनदा गाडी थांबवून खोकून पाहिलं. खोकला येत नव्हता, त्याचीही भीती वाटली.

मेहुण्यानं मी आणलेली एक्स-रेची सीडी लावली. चित्र मोठं केलं, लहान केलं, पुन्हा मोठं केलं. मी चिडलो. “डॉक्टरसाहेब, जीभ आहे ना तोंडात?”

“दाजी, लहानपणी टीबी झाला होता?”

“आमच्या घरात नव्हतं तसलं काही.”

“तसलं काही सगळ्यांच्या घरात असतं. आईंना फोन लावा.”

आईनं आधी आढेवेढे घेतले. मग म्हणाली, “तुला ती अशक्तपणाची इंजेक्शनं नव्हती का? तुझ्या आत्याचं लग्न ठरत होतं रे. घरात क्षय आहे म्हटलं असतं तर कोण आलं असतं दारात? तुला सांगितलं असतं तर तू गल्लीभर सांगत सुटला असतास.” मला ती इंजेक्शनं आठवत होती. प्रत्येकामागे आई मला एक खारीक द्यायची. ताकद येते म्हणायची.

मेहुण्यानं थुंकीच्या आणि रक्ताच्या तपासण्या करायला लावल्या. एकही जंतू जिवंत नव्हता. “मरत नाही तुम्ही. भरलेली जखम आहे.”

“मग तसं लिहून दे. तिथं दाखवतो.”

“ते कागद वाचत नाहीत, छाती बघतात. तुम्हीच सांगितलं होतंत मला.”

“एखाद्या जुन्या मशीनवर काढला तर? जरा धूसर? किंवा श्वास अर्धा सोडून?”

तो हसला. “घासाघीस कुणाशी चाललीये, दाजी? फुप्फुसाशी?” मग खुर्ची जवळ ओढून म्हणाला, “सेंटर हातचं जाऊ देऊ नका. मालक म्हणून माझं नाव लावा. मी जातो. तसाही तिथं डॉक्टर लागणारच.”

तेव्हा मला खरी भीती वाटली. तो हे मनापासून म्हणत होता, का इतकी वर्षं ह्याचीच वाट बघत होता, ते मला कळेना. त्यानं वाचलेल्या चित्रावर संशय घ्यावा तर ते चित्र मीही वाचलं होतं. पुढचं दार उघडलं होतं आणि मला बाजूला सारून आत तो शिरणार होता.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. आवाज चढला. तिच्या भावाला नाही नाही ते बोललो. ती पोळ्या लाटत होती. धंद्याचा सगळा हिशेब, कस्टम्स, तिथल्या लोकांचे फोन इतकी वर्षं तीच सांभाळते. भागीदार माझ्यापेक्षा तिच्याशी जास्त बोलतो.

“अहो, माझी छाती कुणी बघितली का?” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे मी जाते. तो डॉक्टर आहे, त्याला पगारावर ठेवू, यायचं असेल तर.”

तिचा एक्स-रे निघाला. स्क्रीन स्वच्छ होती. मी तिच्या कॉलरबोनखाली पुन्हा पुन्हा पाहत राहिलो. ती मुलगी शेवटी म्हणाली, “सर, झालं.”

बर्मिंगहॅम एअरपोर्टवर मी बायकोला म्हटलं, “महिन्यातून एकदा यायचं.”

“दोन महिन्यांतून.”

“सहा आठवडे.”

“बघू,” म्हणाली आणि बॅग उचलून चालू लागली. मी हाक मारेन म्हणून ती दारापाशी थांबेल असं मला वाटलं. ती थांबली नाही.

मेहुण्यानं अजून पगाराला होकार दिलेला नाही. भागीदार मला विचारतो, “तुम्ही कधी येताय कायमचे?” मी म्हणतो, इकडचा धंदा कोण बघणार? बायकोला भेटायला पाहुणा म्हणून जाता येतं, पाहुण्यांचा एक्स-रे काढत नाहीत. तरी विमानातून उतरलो की मी शर्टाचं वरचं बटण लावतो. चहाचा घोट चुकून ठसका लागला तर आधी आजूबाजूला कोण आहे ते बघतो.

परवा तिथल्याच एका नव्या हॉस्पिटलचा फोन आला. मशीन हवं होतं. माणूस किंमत पाडत होता. त्यानं विचारलं, “मागच्याइतकं स्वच्छ दिसतं का ह्याच्यात?”

“त्याहून स्वच्छ,” मी म्हणालो. माझा हात उजव्या कॉलरबोनवर होता. किंमत मात्र त्यानं सांगितली तीच मी कबूल केली.