चार खाचरांची सही

धसईच्या आमच्या आत्याला स्वतःचं नाव मराठीत लिहिता येत नव्हतं, पण जपानी वाचता यायचं. हे मी कुणाला सांगितलं की लोक माझ्याकडेच संशयानं बघतात. बघू देत. मीही अजून त्या धक्क्यातून पुरती सावरलेली नाही.

आई-बाबांमागे मला तिनंच वाढवलं. जपानला म्हाताऱ्यांची सेवा करायच्या कामासाठी मी मुरबाडला भाषेच्या क्लासला जायचे. शब्द पाठ व्हावेत म्हणून सरांनी मोबाइलवर शेतीचा एक गेम दिला होता. आतली बाई जपानी शब्द म्हणणार, तो खाली लिहूनही येणार; आपण चित्र निवडायचं, नाहीतर चित्रावरून शब्द. मी चुलीपाशी गेले की आत्या मोबाइल घेऊन बसायची. "लावणीला येवढा उशीर करून चालतंय काय?" म्हणून ती त्या बाईलाच झापायची.

एकदा गेममध्ये हिरवं शेत आलं. शेतात काय आहे? मी 'गोहान' दाबलं, म्हणजे भात. लाल फुली आली.

"शिजलेला भात लावतेस काय गो शेतात?" आत्या म्हणाली. "उभा हाय तो इने. गिरणीतून आला का कोमे. ताटात पडला तो गोहान." मी चाट पडले. शेतातला आणि ताटातला दोन्ही आपला भातच, म्हणून मी महिनाभर तिथेच आपटत होते.

पुढे मोबाइलचा आवाज बिघडला, तरी तिचा खेळ बिनचूक चालू. मी विचारलं, ऐकू येत नाही तर कळतं कसं? तिनं एका अक्षरावर बोट ठेवलं. चौकोन, आत एक उभी रेघ, एक आडवी. "बांध दिसत नाय तुला? चार खाचरं हायत." अक्षराचा अर्थ खरंच शेत होता.

याच बाईला अंगठ्याची फार लाज. कुठे अंगठा दिला की शाई पदराच्या आतल्या बाजूला पुसायची.

माझी निवड झाली आणि कंपनीनं घरच्या मोठ्यांची लेखी संमती मागितली. आत्या चार दिवस मोबाइलला शिवली नाही. ती नाही म्हणाली असती तर मी गेले नसते, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. पाचव्या दिवशी आम्ही मुरबाडला क्लासच्या कचेरीत गेलो. तिथल्या माणसानं शाई पुढे सरकवली. आत्यानं पेन मागितलं आणि सावकाश ते अक्षर काढलं.

"ही कसली सही, बाई?"

"शेत हाय. कागद तिकडंच जानार ना? त्यांना वाचता येतंय."

मी इतकी हबकले की रडायचंही सुचलं नाही. त्यानं शेजारी अंगठाही घेतला. त्या दिवशी तिनं शाई पुसली नाही.

इथे येऊन दोन वर्षं झाली. इथल्या कितीतरी आडनावांत ते अक्षर असतं. ऐन लावणीत आत्या गेल्याचा फोन आला, तेव्हा माझ्याच्यानं खोलीत बसवेना, म्हणून रस्त्यावर आले. समोरच्या दारावरच्या नावाच्या पाटीवर आत्याची सही होती. त्याच्या पुढच्या दारावरही.