भुंग्यांची तुळई

सुताराच्या बायकोला सगळी गल्ली शिवणवाल्या काकू म्हणायची. सुतार मागच्या पडवीत रंधा मारायचा, काकू पुढच्या खोलीत मशीन चालवायच्या, आणि दोघं भिंतीआडून दिवसभर एकमेकांशी वाद घालायचे. काकूंशी नसला तर त्याचा वाद भुंग्यांशी. अंगठ्याएवढे काळेकुळकुळीत भुंगे पडवीत टेकवून ठेवलेल्या त्याच्या जुन्या तुळईला भोकं पाडून राहायचे. "फुकटे भाडेकरू!" म्हणून तो खेकसायचा, पण तुळई काही हलवायचा नाही.

एक दिवस तो गेला. रिकामी पडवी बघवेना, म्हणून काकूंनी सगळं लाकूड त्याच्या सुतार मित्राला देऊन टाकलं.

पुढच्या बहराला सुतारानं लावलेला पॅशनफ्रूटचा वेल फुलांनी लदबदला. पण फुलं दुपारी उमलायची आणि दुसऱ्या दिवशी गळून पडायची. फळ म्हणून धरेना. काकूंनी खत घातलं, पाणी वाढवलं. जाऊ बोलून गेली, "लावणारा हातच गेला, आता कशाला फळतोय तो!" ते काकूंच्या जिव्हारी लागलं.

अशात तो मित्र उसवलेली पँट घेऊन आला. "वहिनी, तुमच्या तुळईनं वात आणलाय. दुकानभर भुंगे!"

काकूंचा पाय मशीनवर थबकला. फुलांत शिरून, पाठीवर पिवळी पूड घेऊन निघणारे भुंगे त्यांच्या डोळ्यांपुढे आले. यंदा वेलावर एकही दिसला नव्हता.

"भाऊजी, ती तुळई परत आणून द्या."

"पोखरलेलं लाकूड? काय पुजणार आहात का?"

"आणा तर खरं."

"मग अंधार पडल्यावर आणतो. तेव्हा मंडळी घरी असतात."

तुळई पडवीत जुन्या जागी टेकली. दोन दिवस भुंगे बावचळून घिरट्या घालत राहिले, मग वेलावर गेले. आठवडाभरात फुलांच्या देठांशी हिरव्या गोट्या दिसू लागल्या.

फळं पिकली तेव्हा काकूंनी मित्राला पिशवीभर दिली. त्यानं आत डोकावून विचारलं, "तुम्हाला ठेवलीत ना?"

"मला आंबट कुठे चालतं? ह्यांनाच आवडायची."

"मग एवढा खटाटोप कशासाठी केलात?"

"मागच्या दारी फार सामसूम झाली होती, भाऊजी."

पिशवी खाली ठेवून मित्र पडवीच्या पायरीवर टेकला. काकू चहा टाकायला आत गेल्या.