हरित कर्जाचं एकच रोप

मंडळी, डोकं फिरलंय माझं!

परंड्यात माझी पिठाची गिरणी आहे. ती सोलरवर चालवायची म्हणून आज बँकेच्या 'हरित कर्ज मेळाव्या'ला गेले.

मॅनेजर म्हणाले, "ताई, सोलरचं लई किचकट असतंय. डिझेल जनरेटर घ्या, आजच मंजूर करतो."

"मग ह्यात हरित काय, साहेब?"

त्यांनी माझ्या हातात कडुलिंबाचं रोप देऊन फोटो काढला. "हरित कर्ज वाढवा, असा वरून नियम आलाय. फोटो जोडला की जनरेटरबी त्यातच धरतो."

जनरेटर नको म्हणून उठले. रोप तरी दारात लावावं म्हणलं, तर शिपाई मागं पळत आला.

"ताई, रोप ठिवा. पुढच्याच्या फोटोला लागतंय!"

नियम करणाऱ्यांनो, फोटो कसले बघता? कर्जातनं धूर किती निघतोय ते बघा की! आणि त्या रोपाला कुणी पाणी तरी घातलं का, तेबी विचारा.